खड्डामाग

सिव्हिल लाइन्सला, कोर्टाच्या भिंतीला लागून,
दुरुगकरांनी टेबलावरची धूळ बाहीने पुसली
आणि म्हणाले, "आधी स्थावर सांगा."

तांडापेठेतलं घर. दोन खोल्या, वर टीन.
पूर्वेला निखाऱ्यांची भिंत, पश्चिमेला बोळ,
उत्तरेला नळ.
नळ कोणाचा, तेवढं भांडणात आहे.
भरभर लिहिलं त्यांनी.
स्थावर लिहायला सोपं, ते कुठं जात नाही.

"आता जंगम."
एक कूलर, ताट्या बदलायच्या राहिलेल्या.
पितळेचे दोन गुंड. एक गंज, बुडाशी पोचलेला.
आणि माग.

इथे पेन थांबला.
"माग ठेवलेला आहे का रोवलेला?"

बाबा खड्ड्याच्या काठावर बसायचे,
पाय आत, पावड्यांवर,
कमरेपर्यंत घरात पेरल्यासारखे.
धोटा जायचा, यायचा,
लुगड्याचा काठ पुढे सरकायचा, बाबा नाही.
चाळीस वर्षं.

"खांब उपटता येतात?"
येतात.
"मग माग जंगम."
आणि खड्डा?
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"खड्डा म्हणजे काय जी, बाई? नसलेली माती.
ते घरासोबत जाते."

मुलाला स्थावर, मुलीला जंगम,
असं कोणी बोललं नाही.
चहा आला, शेषरावने पैसे दिले,
तोवर झालं होतं.

ई-रिक्षात उभा बांधून आणला मी माग दिघोरीला.
फणी माळ्यावर, धोटा फ्रिजवर,
बाकी गच्चीवर ताडपत्रीखाली.
खड्ड्याविना तो लाकूडच.
शेषरावने तिकडे मलबा भरून फरशी बसवली,
पांढरी, निळ्या ठिपक्यांची.
डबा ठेवला की त्या जागी आवाज जरा वेगळा येतो.
मी त्याला सांगितलं नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात बाबा खाटेवर होते,
कूलरच्या तोंडाशी, बोलणं गेलेलं.
चादरीखाली पाय चालायचे.
डावा दाब, उजवा दाब. मग थांबून
तुटलेला धागा सांधावा इतका वेळ.
मग पुन्हा डावा.

हे कोणत्या रकान्यात, ते विचारायचं राहिलं.
मागे रांग होती, साडेपाच वाजत आले होते.
दस्ताच्या तळाशी छापील ओळ आहे,
याखेरीज मयताची अन्य मालमत्ता नाही.
तिच्याखाली माझी सही.
अंगठाही घेतला, डावा.