अल्पपरिचय

शंभर शब्दांत द्या, मांढरे फोनवर म्हणाले,
स्मरणिका छपाईला गेल्यातच जमा आहे,
तुमचाच कोपरा कोरा राहिलाय.

बरं. मोजायची सवय आहे मला.
कालिंदी फणसे. नाव नदीचं, पण नदी इथली नव्हे.
इथली विश्वामित्री. काळ्या घोड्याच्या पुलाखाली
तिची पातळी टिपायची, ही पहिली नोकरी.
रोज सकाळी सात वाजता, फूट आणि इंच.
'शेरा' या रकान्यात एकदा लिहिलं:
पाण्याला औषधाचा वास, मासे पोट वर करून.
साहेबांनी लाल रेघ ओढली,
बाई, शेरा म्हणजे निबंध नव्हे.
न छापलेला माझा पहिला लेख तो.

मग रंगाच्या कारखान्याचं गृहपत्र.
'हिरवळ' त्याचं नाव, मीच सुचवलेलं.
दर महिन्याला अग्रलेख, रोपटं लावणाऱ्या मालकाचा फोटो,
आणि कंपाउंडामागे ओढा
सोमवारी गुलाबी, गुरुवारी जांभळा.
चार वर्षं त्या पगारावर चूल पेटली.

प्रवासवर्णनंही लिहिली, दिवाळी अंकांना हवी तशी.
कच्छ, ओडिशाची खाडी, ब्रह्मपुत्रेतली बेटं.
संपादक नाले छाटत,
सूर्यास्त ठेवत.

छोटा उदेपूरला उतरले तेव्हा सगळंच पांढरं.
खाणीची भुकटी सागाच्या पानांवर,
मडक्यातल्या भातावर, रायलीबेनच्या पापण्यांवर.
ती खोकत होती, मी वहीत लिहीत होते.
तिनं विचारलं, तू लिहिलंस तर धूळ बसेल?
मी म्हटलं, बसेल.
पुस्तक निघालं. रावपुऱ्यातल्या प्रकाशकाच्या माळ्यावर
गठ्ठे अजून आहेत.
बसली धूळ.

पुढे मुलांसाठी नाटुकली, रेडिओवर शेतीचे संवाद,
एका बॉयलरच्या माहितीपुस्तकाचं भाषांतर
(माझ्या सगळ्या लिखाणात
वाचून कोणी काही केलं असेल, तर ते हेच).

पुराच्या साली रात्री अडीच वाजता दार वाजलं.
सोसायटीच्या स्कूटरांमध्ये मगर येऊन पडली होती.
ताई, तुम्ही मगरींवर लिहिता ना?
जरा बघा.
जिन्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर
टॉर्च घेऊन उभी राहिले. ती तिथं, मी इथं.
तिला माझं काही वाचायचं नव्हतं.
आणि मी, सवयीनं,
भिंतीवर पट्टी शोधत होते:
किती फूट, किती इंच.

मांढऱ्यांचा परत फोन.
ताई, फार लांबलंय हो. काय काढू?

सूर्यास्त काढा.
बक्षिसं मी घातलीच नाहीत.
कारखाना राहू दे, रायलीबेनही.
मगर काढलीत तरी चालेल,
ती येते आपली आपण.