सोळा स्टोन

आमच्याकडे माणसाचं वजन स्टोनमध्ये मोजतात.
मी सोळा स्टोन. सोळा धोंडे.
फ्लीटवूडच्या ट्राममध्ये मी बसले की
शेजारची जागा रिकामी असते, आणि रिकामीच राहते.
त्यातला एक धोंडा कीथ गेला तेव्हाचा, हे मान्य.
बाकीचे बिस्किटांचे.
उगाच दुःखाच्या खात्यावर कशाला घालू?

डॉक्टरीणबाई तरुण, गोड बोलणारी.
"क्लिनिकची यादी लांब आहे, मिसेस थ्रेलफॉल.
पुढच्या वर्षीही सांगता येत नाही."
यादीला वेळ आहे. माझ्या गुडघ्यांना
रोज सकाळी सातला जिना उतरायचा असतो.

म्हणून मग खासगी.
खासगी म्हणजे काय, तर रात्री अकराला
स्वयंपाकघराचे पडदे ओढून फॉर्म भरणं.
उंची. वजन. पित्ताशय आहे की काढलंय.
घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का.
मुद्दाम ओकारी काढली आहे का, कधी?
इथे चहा गार झाला.
लग्नाआधीचे तीन महिने, तो हस्तिदंती ड्रेस,
आईने बाहेरून वाजवलेलं बाथरूमचं दार.
'नाही' लिहिलं. पुसलं.
'हो. फार पूर्वी' असं लिहिलं.

मग डोक्यापासून पायापर्यंतचा फोटो हवा म्हणाले.
कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले.
किती वर्षांनी मला कुणी अख्खी मागितली होती.

दुसऱ्या दिवशी फार्मासिस्टचा फोन, डंकर्ली नावाचा.
त्या 'फार पूर्वी'बद्दल त्याने हळू आवाजात विचारलं,
मीही हळूच सांगितलं. मग पेनांकडे वळलो.
"दोन आहेत. दोन्ही आठवड्यातून एकदा.
महागडं बहुतेकांना जास्त उतरवतं. मळमळ दोन्हींत."
पडद्याचं कापड निवडावं तसं मी विचारलं,
"तुम्ही कुठलं घेतलं असतं?"
तो जरा थांबला.
"वर्षभर परवडेल ते."

कॅरॅव्हॅनसाठी पैसे ठेवायचा डबा होता,
पोटाला चिमटा काढून साठवलेले.
आता पोटालाच चिमटा काढून
त्या चिमटीत सुई.
डास चावल्याइतकंही दुखलं नाही.
पेन फ्रिजमध्ये, लोण्याच्या कप्प्यात.
लोणी खालच्या फळीवर गेलं, न बोलता.

लोकांच्या पोटात कावळे ओरडतात,
माझ्या पोटात जन्मभर सीगल ओरडत आले,
धक्क्याला मासळीची बोट लागल्यासारखे.
तिसऱ्या आठवड्यात ते उडून गेले.
सकाळी जागी झाले तर इतकं शांत
की मला वाटलं, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय.
खरं सांगते, आधी आनंद नाही झाला.
घरात एवढीच तर सोबत होती.

शुक्रवारी बेरिल आणि मी, नेहमीचं टेबल,
नेहमीचा हॅडॉक, व्हिनेगर जरा जास्त.
मी चार चिप्स खाल्ल्या आणि काटा खाली ठेवला.
बेरिलने माझ्या ताटाकडे पाहिलं, मग मनगटांकडे.
तिचा चेहरा पिठासारखा झाला.
"कधी कळलं तुला?" ती म्हणाली.
"काय?"
"कीथचंही असंच सुरू झालं होतं, नोरीन.
चार चिप्स."

मी हसणार होते, पण ती रडत होती,
कागदी रुमालाने, सगळ्या दुकानासमोर.
म्हणून सांगून टाकलं. पेन, फोटो, लोण्याचा कप्पा.
किंमतही सांगितली.
बहीण माझी गप्प झाली. मग म्हणाली, "मूर्ख बाई!"
आणि माझं ताट स्वतःकडे ओढून
हॅडॉक संपवला, काट्यापर्यंत,
मधूनमधून नाक पुसत.

ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत गेलो.
बाकावर तिच्या शेजारी बसले.
आमच्या मध्ये बोटभर जागा होती.
अजून पंधरा धोंडे, आणि थोडे खडे.
एक सीगल समोरच्या खांबावर बसून
माझ्याकडे बघत होता, ओळख असल्यासारखा.
माझ्याजवळ त्याला द्यायला काही नव्हतं.