पाव इंच

गुदैबियाच्या तिसऱ्या मजल्यावर
गळक्या एसीखाली बादली ठेवून मी तो लिहिला,
अठ्ठ्याण्णव साली.
जासिमसाहेबांनी नाव ठेवलं मिकयास. म्हणजे माप.
चार फ्लॉप्या, निळं पाकीट,
आणि प्रिंटरच्या पाठीमागं खोचायचं
अंगठ्याएवढं एक कुलूप.
ते नसलं की मिकयास दातखीळ बसल्यासारखा गप्प.

मनामाच्या सुकात सदतीस शिंप्यांनी घेतला.
पहिले परकारभाई, खेडचे.
गळ्यात टेप, कानावर खडू,
"बाय, माझी वही काय वाईट होती?"
असं म्हणत म्हणत पैसे मोजले त्यांनी.
मग रोज दुपारी मला दुकानात बसवून
थोब म्हणजे काय ते शिकवलं.

कंपनी मिटली. फ्लॉप्यांना बुरशी आली.
मी बँकेत लागले, चष्म्याचे नंबर वाढले.
गेल्या ऑगस्टात मुबश्शिरचा फोन,
परकारभाईंचा भाचा. मामू जाऊन चार वर्षं झाली.
"मावशी, कुलूप जळलं. दमट हवा.
सव्वीस वर्षांची मापं आत, नि आम्ही बाहेर."

आत कोण कोण होतं!
दर ईदला इंचभर वाढणारी पोरं,
मान साडेपंधरा असलेले एक मुख्याध्यापक,
ज्यांना आता कुठलंच माप लागत नाही.

मुहर्रकला गेले. जासिमसाहेब मजलिसमध्ये,
गुडघ्यावर शाल, पुढ्यात खजूर.
"विकला तर किती येतील?"
"काही नाही."
"मग देऊन टाकायला काय जातं?"
"लाज," मी म्हटलं, "माझी."
ते खोकेपर्यंत हसले
आणि हिरव्या शाईनं सही केली.

खरंच लाज होती.
कपडा उलटा केला की दिसतं सगळं:
लोंबणारे दोरे, ठिगळं,
घाईत घातलेला तिरका टाका.
कुलपाच्या अकरा ओळी मी उसवल्या
आणि मिकयास तसाच, उलट्या बाजूनं,
सगळ्या जगासमोर दांडीवर टाकला.
खाली लिहिलं:
घ्या. वापरा. तोकडा करा, लांब करा.
फक्त तुम्ही शिवाल तेही
असंच उलटं करून दाखवा.

महिनाभर कुणी फिरकलं नाही.
मग मोम्बासाहून कुणीतरी कॉलरचे तीन प्रकार घातले.
ओमदुर्मानच्या तस्नीमनं तारखांचा घोळ निस्तरला
आणि विचारलं,
चारशे बाराव्या ओळीवर हे काय लिहिलंय, कुठली भाषा?

माझी. इंग्रजी अक्षरांत मराठी.
बाही साडेबावीसच्या वर गेली
की पाव इंच वाढवायचा, असा नियम,
आणि शेजारी मी:
"हे का ते आठवत नाही. काढलं की परकारभाई चिडतात.
हात लावू नये."

तिला अर्थ कळवला. कारण मलाही ठाऊक नव्हतं.

उत्तर आलं सलालाहून,
कुणा हुमैदचं, ज्याचा बाप शिंपी:
"सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं.
आखूड बाहीत कळत नाही, लांब बाहीत मनगट उघडं पडतं.
तुम्हाला कुणीतरी जाणत्यानं सांगितलं असणार."

सांगितलं होतं.
एका दुपारी, भिजवलेली बाही पिळून,
माझ्या मनगटाला लावून दाखवली होती.
मी मान डोलावली, ओळ लिहिली,
आणि माणूस विसरले.
इतकी वर्षं त्या कुलपात
मी माझी हुशारी जपत होते म्हणे.

परवा मुबश्शिरकडं मिकयास पुन्हा उघडला.
नवा संगणक, नवा प्रिंटर,
शेवटची ओळ मात्र अजून अर्धी कापली जाते,
त्यावर अजून कुणी बसलेलं नाही.
पहिलीच नोंद, चाचणीसाठी
त्यांनी स्वतःवरच टेप धरून दिलेली:
परकार, अ. ल.
बाही तेवीस.
मी बटण दाबलं.
मिकयासनं न विचारता सव्वातेवीस केली.