कोड

संमतीपत्र चौतीस पानांचं.
मर्व ड्यूहर्स्ट ओळीखाली बोट ठेवून वाचतो.
किंगरॉयहून पहाटे तीनला निघालेत दोघं;
नोएलीनच्या मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी.
शेंगा माझ्यासाठी. मी रजिस्टरात नोंदवते:
भेट, अर्धा किलो, मूल्य नगण्य.

एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली त्यानं.
उजव्या खिडकीत कोपर,
कोपरावर क्वीन्सलँडचं ऊन.
डावा हात अजून दुधासारखा,
उजवा भाजलेल्या विटेचा.
तीळ आहे, म्हणाला होता नोएलीनला.
इथे सगळेच आधी तेच म्हणतात.
तीळ काखेत गेला, मग फुप्फुसात,
मग यकृतात दोन ठिकाणी.

पान अकरावर बोट थांबलं.
‘या चाचणीचा तुम्हाला फायदा होईलच असे नाही.
भविष्यात इतरांना होऊ शकेल.’
‘इतर म्हणजे कोण, सिस्टर?’
चौदा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, जे अजून आजारी पडलेले नाहीत ते.
तो हसला नाही.
‘शेवटच्या थांब्यावरची पोरं
मला वळण घेईपर्यंत दिसायची नाहीत.
तरी डेपोतून वेळेवरच सुटायचो.’
आणि सही केली, आधी तारीख, मग वेळ, मग नाव,
बसच्या वहीत करत असणार तशी.

गट संगणक ठरवतो.
लोकांना वाटतं, मी ठरवते.
मी फक्त बटण दाबते
आणि चेहरा सरळ ठेवते.
मर्वला नवं औषध.
त्याच मंगळवारी, वीस मिनिटांनी,
टेगन ओ'डाऊडला जुनं.
एकतीस वर्षांची. लहान मुलांना पोहायला शिकवायची,
खांद्यावरच्या बॅगेला क्लोरीनचा वास.
‘बरं,’ म्हणाली,
आणि तिला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना.

कागदांवर नाव चालत नाही, कोड लागतो.
मर्व म्हणजे शून्य-सात-एकशे चौदा.
सहाव्या आठवड्यात खाज.
नवव्यात जुलाब, दिवसाला अकरा वेळा;
औषध थांबवलं, स्टिरॉइड दिलं, पुन्हा सुरू केलं.
बाराव्यात स्कॅन: एकतीस मिलिमीटरचे एकोणीस.
‘एकोणीस म्हणजे केवढं?’ नोएलीन म्हणाली.
मी तिच्याच पिशवीतली शेंग फोडली,
आतला दाणा तिच्या तळहातावर ठेवला.
तिनं तो खाल्ला नाही. पर्समध्ये टाकला.

मग भुवया पांढऱ्या झाल्या. पापण्या.
उजव्या हातावर मनगटापासून वर
नकाशातल्या बेटांसारखे चट्टे.
कोड.
तो कोड मी दिलेला, हे कोड औषधानं.
नोएलीनचा धीर इथे सुटला,
एवढं सगळं सोसून आता हे.
डॉक्टर पापादाकिस मात्र खुशीत:
शरीराला रंग ओळखता आला,
आता ते रंग दिसेल तिथे धावतंय,
गुन्हेगार, शेजारी, सगळ्यांमागे.
सुक्याबरोबर ओलं जळतं, इतकंच.
मर्वनं दोन्ही हात टेबलावर शेजारी ठेवले.
‘उजवा डाव्यावर चाललाय,’ म्हणाला.
‘लग्नात असा होता.’

फेब्रुवारीत मी एका फॉर्मवर
‘पाठपुरावा समाप्त’वर खूण केली.
कारणांचे चार पर्याय असतात. मी तिसरा निवडला.
आलेखावर रेघ जिथे पायरीएवढी खाली उतरते,
ती टेगन.
रेघेवर जिथे बारीकशी उभी खूण आहे,
तो मर्व: शेवटचं पाहिलं तेव्हा जिवंत.
दोन्ही खुणा लागतात. एकीशिवाय दुसरी वाचता येत नाही.
हे मी शिकाऊ नर्सना सांगते.
घरी कुणाला सांगत नाही.

काल त्यानं विचारलं,
‘ती पोहण्याची बॅग घेऊन बसायची ती मुलगी?
मंगळवारची?’
मला सांगता येत नाही, मी म्हटलं.
नियमच तसा आहे.
तो मान हलवून दारापाशी गेला,
आणि घड्याळाकडे पाहत दोन मिनिटं तिथेच उभा राहिला,
उशीर झालेल्या पोरासाठी
दार उघडं ठेवून थांबतात तसा.
मग निघाला.