नांगर

कांबादोसच्या खाडीत पाणी मागे हटलं
की आम्ही बायका उतरतो. गुडघ्यापर्यंत रबरी बूट,
हातात दंताळं. कमरेत वाकायचं ते वाकायचंच,
पाणी परत येईस्तोवर.
तिसऱ्या वर बघत नाहीत. त्यांना काय ठाऊक
त्यांच्या डोक्यावर काय काय लोंबतंय.

मी सत्तेचाळीसची. एकतीस वर्षं वाकलेय.
खांद्यांवर पट्ट्यांच्या दोन खाचा आहेत,
बोट ठेवलं तर नखासकट बसतं.
जुलैत घडीखालची कातडी सोलते.
मी तिथं मक्याचं पीठ लावते, हो, स्वयंपाकाचंच.
कार्मिन्या म्हणते, आता तळूनच काढ.

डॉक्टर लोउरेइरोंनी शाईने
माझ्या अंगावर रेघा काढल्या.
गळ्याच्या खळगीपासून टेप धरली, आकडा म्हणाल्या,
नर्सने लिहून घेतला.
एका बाजूचे सातशे ग्रॅम, दुसऱ्या बाजूचे थोडे अधिक.
मी मनात लगेच भाव लावला. सवय.
लिलावात सातशे ग्रॅमचे किती आले असते,
नाताळच्या आठवड्यात किती.

व्रण कसा असेल विचारलं, तर कागदावर काढून दाखवला:
वर एक गोल, खाली सरळ दांडी, तळाशी बाक.
नांगर, म्हणाल्या.
मी कागद फिरवून पाहिला.
जमीन उकरणारा की होडी धरून ठेवणारा,
ते विचारलं नाही.
स्पर्श परत येतो का, ते विचारलं.
बहुतेकींना येतो. काही जणींना नाही.
इतकं खरं बोलणारी बाई मला आवडली
आणि तिचा रागही आला.

आई ब्याऐंशीची. म्हणाली,
"मी नाही का ओढलं जन्मभर?"
ओढलं. तेही खरंच.
तिला आंघोळ घालताना पाठीवरचं कुबड मी चोळते,
तेव्हा मात्र ती गप्प असते.

मोंचो, माझा पूर्वीचा नवरा, फोनवर:
"चांगलंभलं आहे ते कापायचं कशाला?"
जशी काही त्याची जमीन
मी परस्पर विकायला काढली होती.

आणि माझा यांच्यावर राग नाही.
हे कुणाला पटत नाही.
उशियाला सतरा महिने पाजलंय यांनी.
ती झोपून गेली तरी डावीकडचं ओलं व्हायचं,
कुणी हाक मारल्यासारखं.
आणि पंधराव्या वर्षी, जत्रेच्या रात्री,
दिव्यांच्या माळांखालून
यांच्यामुळेच मी ताठ चालले होते. एकदाच.
पुढच्या जत्रेपर्यंत खांदे आत वळले.

गेल्या मंगळवारी उशिया शाळेतून आली,
भर उन्हात जाड स्वेटर,
पाठीला तोच बाक. सोळाची आहे.
मी काही बोलले नाही.
फ्रिजवरचं हॉस्पिटलचं पत्र तिने उभ्याउभ्या वाचलं,
तिरका झालेला चुंबक सरळ केला,
आणि खोलीत गेली.

सही पंधरा तारखेपर्यंत.
नाहीतर माझा नंबर यादीच्या शेपटाला.

लहान तिसरी आम्ही मापाच्या कडीतून घालून बघतो.
निसटली तर परत चिखलात.
अडकली तर बादलीत.
चाळीस मिलिमीटर. भांडण नाही, रडणं नाही.
किती दुखलं म्हणजे पुरेसं दुखलं,
याची कडी कुणी घडवलेली नाही.

आज पहाटे, पाणी अजून पायऱ्यांशी असताना,
कार्मिन्याने नेहमीसारखं पाकीट पुढे केलं.
मी हात खिशातच ठेवला.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली, मग पुन्हा माझ्याकडे.
"किती दिवस ओढायची नाही म्हणाल्यात?"
"आधी सहा आठवडे."
तिने स्वतःची पेटवली, तोंड फिरवून धूर सोडला.
"सही केलीस?"
"अजून नाही."
पाणी हटायला लागलं होतं.
आम्ही बादल्या उचलल्या.