झाकण

मी मदतनीस. कोळेकर मळ्यातली अंगणवाडी,
ढालगावच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला.
दार माझ्या किल्लीनं उघडतं, मग बाई येतात,
मग रजिस्टरं.
पोरं त्याआधीच पायरीवर.

आया सातलाच टेम्पोत बसून गेलेल्या असतात
शेडवर, बेदाणा निवडायला.
हिरवा एकीकडं, काळा एकीकडं, काड्या वेगळ्या.
पोरांच्या खिशात कालचे चार दाणे,
अस्तराला चिकटलेले.

बिरूचं वजन चौदा किलो दोनशे.
फेब्रुवारीतही तेवढंच, मार्चमध्येही.
बाईंनी ठिपका दिला पिवळ्या पट्ट्यात
आणि पेनचं टोपण दातात धरून बसल्या.
जूनला पोरगं पहिलीत जायचं.

मायाक्का डबा देते रोज. भाकरी दिली, चपाती दिली,
गूळ-शेंगदाणे दिले, उसनं अंडं आणून पोळी दिली.
डबा संध्याकाळी जसाच्या तसा परत.
"जिभेचे लाड हैत याच्या," म्हणाली,
आणि पाठीत एक घातली त्याच्या, माझ्यासमोर.

मग एके सकाळी कांदा चिरताना
खिडकीतून दिसलं मला:
टाकीच्या मागं उकिडवा बसलेला,
डबा गुडघ्यांत धरलेला,
जीभ बाहेर, बोटं पांढरी पडलेली.
झाकण हललं नाही.
त्यानं इकडं तिकडं बघितलं,
डबा पिशवीत घातला,
आणि तोंड पुसलं
जेवल्यासारखं.

मी काही बोलले नाही.
बोलले असते तर तो दुसऱ्या दिवशी आलाच नसता.

घरातले, शेजारचे, मिळून नऊ डबे आणले.
एकावर माझ्या आत्याचं नाव कोरलेलं,
एकाची कड दबलेली,
एक खटक्याचा, प्लॅस्टिकचा, तो सगळ्यांना पाहिजे.
बाई तेव्हा अ अननसाचा शिकवत होत्या.
अननस मळ्यात कुणी बघितलेला नाही.
मी म्हटलं, बाई, अर्धा तास मला द्या.

तालुक्याहून फॉर्म आलाय, शाळेच्या तयारीचा:
रंग ओळखतो का, दहापर्यंत मोजतो का,
रेघेवर चालतो का.
झाकणाचा रकाना नाही.
"मला अजून पाहिजे" म्हणता येतं का, याचाही नाही.

"अंगठा कडंला लावा. फिरवत जावा. रागानं नाही.
आत वारा कोंडलेला असतोय,
त्याला वाट दिली की झाकण आपणहून उठतंय."
मुस्काननं पहिल्याच दिवशी काढलं
आणि नऊच्या नऊ उघडून बसली, मालकिणीसारखी.
शिवलीलानं दात लावले.
बिरू नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवशीही.

सहाव्या दिवशी फट्‌ असा आवाज आला.
झाकण उडून वजनकाट्यावर आपटलं,
चटणी फरशीभर लाल.
कुणी हसायच्या आत
त्यानं भाकरी दोन्ही हातांनी धरली
आणि खाल्ली, भिंतीकडं तोंड करून,
शेवटच्या तुकड्यानं डबा पुसून.
खिचडी खाली लागली माझी त्या दिवशी.
कुणी तक्रार केली नाही, बाईंनीही.

मायाक्काला मी सांगितलं ते वेगळंच.
म्हटलं, डब्याची कड वाकली होती, ठोकून दिलीय.
तिनं डबा उलटा-सुलटा करून बघितला,
बेदाण्यानं चिकट झालेल्या बोटांनी,
अन् कितीतरी वेळ काही बोलली नाही.

जुलैत दळण घेऊन शाळेवरून जाताना
मधली सुट्टी होती.
कडुनिंबाखाली पहिलीची पोरं रांगेत,
प्रत्येकाच्या हातात बंद डबा,
आणि रांगेच्या टोकाला बिरू.
एका झाकणाला एक घास. उधारी नाही.
मास्तर लांबून बघत होते, त्यांना वाटलं खेळ चाललाय.

वजन किती झालं असेल?
माझ्या वहीतलं त्याचं पान बंद झालंय,
शिक्का पण मारलाय बाईंनी.
शर्टाचं मधलं बटण मात्र ताणलेलं वाटलं,
का शर्टच आखूड झालाय, कोण जाणे.
डोक्यावर पीठ होतं, थांबता आलं नाही.