बावीस अक्षरं

एलीच्या नावात शेवटी दोन अक्षरं आहेत,
लिहायची, पण उच्चारायची नाहीत.
पहिल्याच दिवशी मी ती उच्चारली.
हसली नाही. म्हणाली, गेलिक आहे, होईल सवय.

त्याला आता सहा वर्षं झाली.
ती तळघरात कृमी सांभाळते,
स्वल्पविरामाएवढे, काचेसारखे आरपार.
मी तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी.
तिथून टे नदी दिसते,
नाहीतर समुद्रावरून आलेलं धुकं.
डंडीचे लोक त्या धुक्याला हार म्हणतात.
मी एलीला सांगितलं, आमच्याकडे ह्याचे दोन अर्थ,
दोन्ही गळ्यातच पडतात.

काम काय, म्हणून कुणी विचारलं तर सांगते:
चार अक्षरांची भाषा, काना नाही, मात्रा नाही.
तिच्यातली बावीस अक्षरांची एक चिठ्ठी.
ती काही घडवत नाही,
स्वतःचं प्रथिनसुद्धा नाही.
दुसऱ्या कुठल्या लांबलचक निरोपाच्या
शेपटाशी जाऊन बिलगते
आणि म्हणते, हळू.

ध चा मा करत नाही.
मूळ मजकूर शाबूत ठेवून
नुसता त्याचा आवाज उतरवते.

बिलगायला सात अक्षरं जुळली तरी पुरतात,
आणि सात अक्षरं काय, कुठेही जुळतात.
माझा प्रोग्राम रात्रभर पत्रिका जुळवतो,
इतके गुण, तितके गुण,
सकाळी चौदाशे बारा स्थळं पुढे ठेवतो.
संसार एलीला करून बघावा लागतो.
एकोणीस करून पाहिले तिने, दीड वर्षात.
तीन टिकले.
तिसऱ्यात फरक पंधरा टक्क्यांचा.
परीक्षकाने लिहिलं, परिणाम किरकोळ.

त्याला एकदा पंधरा टक्के जास्त मिठाची
आमटी वाढावी, असं मनात आलं.
उत्तरात मी तक्ता क्रमांक दोन जोडला.

नोव्हेंबरात पावणेचारलाच दिवे लागतात.
एलीचा फोन आला, खाली ये.
सूक्ष्मदर्शक तसाच सोडून ती बाजूला झाली.

ह्याच्यात ती चिठ्ठी नाही, म्हणाली.

लांबलचक, आळसावलेला एक कृमी.
वाढला होता, मोठा झाला नव्हता.
पहिली इयत्ता पास होतो
आणि पुन्हा पहिलीत जाऊन बसतो.
कात टाकतो; खाली कात तीच, बाळपणाची.
धडा संपला, पाटी पुसा,
असं त्याच्या पेशींना सांगायला कुणी नाही.

हे सगळं पुस्तकात आहे. मी शिकवलंसुद्धा आहे.
भिंगाखाली कधी पाहिलं नव्हतं.
तो वळला, आपल्याच माघारी गेला,
आगरवर इंग्रजी एसच्या खुणा उमटल्या,
एकावर एक, एकावर एक.

कोटाच्या खिशात विद्यापीठाचं पत्र होतं:
करार आणखी अकरा महिने.
हा चौथा.

एलीने पत्राची कड पाहिली.
मुदतवाढ?
हो.
हं, म्हणाली, आणि पेट्रीच्या बशीवर
निळ्या पेनाने तारीख घातली.

वर आले तेव्हा हार नदीवर उतरला होता.
पूल पलीकडून गिळत गिळत
अर्ध्यापर्यंत आला होता,
मग तोही अर्धा गेला.
गाडी मात्र गेली. खडखड ऐकू आली,
कापसात गुंडाळलेली.

पडद्यावर चौदाशे बारा ओळी.
त्या बाजूला सारून
विद्यापीठाला उत्तर लिहायला घेतलं.
आभार, अडचणी, भविष्यातल्या योजना,
परिच्छेद झाला चांगला.
मग खालून वर खोडत गेले.
एक वाक्य उरलं.

मोजायचं नाही, असं ठरवलं होतं.
मोजलं.
सत्तावीस अक्षरं.
थोडं लांबलं.
तसंच पाठवलं.